पात्रांवांचा राखणदार

मालवणात कॉम्प्युटर पहिल्यांदा ज्यांनी आणला, त्या गृहस्थांचा प्रोग्राम चालवून बघायला सक्त विरोध होता. प्रोग्राम लिहिला की माणूस तो चालवतो आणि काय होतं ते बघतो, अशी माझी बी.एस्सी.पर्यंतची साधी समजूत. नोकरीच्या पहिल्याच सकाळी मी उत्साहाने चालवायची कळ दाबायला गेले, तर त्यांनी माझ्या हाताखालून कीबोर्डच ओढून घेतला.

"आधी वाचूचो," ते म्हणाले. "चलवन काय कळता? गाढवय चलता."

सगळं गाव त्यांना पात्रांव म्हणायचं. पात्रांव म्हणजे मालक. गोव्याकडून आमच्याकडे आलेला शब्द. खरं तर मालकी मिरवावी असं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. उभा जन्म जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढला आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी घरी परतले ते एक कॉम्प्युटर, एक कर्रकर्र करणारा प्रिंटर आणि एक भलामोठा स्टॅबिलायझर घेऊन. पावाच्या भट्टीवरची खोली भाड्याने घेतली आणि बाहेर पाटी लावली, 'कामे करून मिळतील'. कसली कामं ते लिहिलं नव्हतं, कारण लिहून कोणाला कळलं नसतं. हाताखाली दोनच माणसं, प्रकाश आणि मी. दिवसभर आम्ही भाजलेल्या पावाच्या वासात बसून बेसिक भाषेत प्रोग्राम लिहायचो आणि मला सारखी भूक लागायची.

पात्रांव उंच, काटकुळे. पँटला सुरीसारखी इस्त्री आणि पायात रबरी सपाता. वाचायला बसले की कानांवर जहाजावरचा जुना हेडफोन चढवत. त्याची वायर कशालाच जोडलेली नसे; तिचं टोक सदऱ्याच्या खिशात सोडलेलं असे. खाली पाव घ्यायला येणाऱ्या बायकांची खात्री होती की कॉम्प्युटर त्यांच्याशी बोलतो. एकीने मला जिन्यात गाठून विचारलंही, "गो, ता मशीन मालवणी बोलता काय इंग्लिश?" मी म्हटलं, दोन्ही. त्या दिवसापासून भट्टीवर माझा भाव जरा वधारला.

मला कामावर सोडायला बाबा आले होते. बाबा एका शिक्षण संस्थेत हेडक्लार्क. कामाचं बोलणं ते नेहमी पुस्तकी मराठीत करत, आणि चिडले की मालवणीवर येत. "मुलगी हुशार आहे," ते पात्रांवांना म्हणाले, "पण आधीच सांगून ठेवतो. चांगलं स्थळ आलं, तर ही काम सोडणार."

"नायतर?" पात्रांव म्हणाले.

"म्हणजे?"

"स्थळ इला तर काम सोडतली. बरा. नायतर काय करतली?"

"अहो, स्थळ येतलाच."

"ता मी विचारूक नाय."

बाबांनी छत्री उचलली आणि तरातरा जिना उतरले. घरी येऊन आईला म्हणाले, "तो माणूस येडो आसा." तो माणूस येडा होता याबद्दल माझंही दुमत नव्हतं. पण आपल्या आयुष्याविषयी असा प्रश्न विचारता येतो हे मला तोवर सुचलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यातच मला त्या खोलीची इतकी गोडी लागली, की बाबांकडे कोणी अनोळखी पाहुणा आला तरी मी दाराआड उभी राहून ऐकायचे. स्थळ घेऊन तर आला नसेल?

'नायतर?' हा पात्रांवांचा जप होता. डॉक्टर म्हणाले, "या गोळ्यांनी ताप उतरला तर उद्या यायची गरज नाही," की हे स्टुलावर बसल्या बसल्या, "नायतर?" डॉक्टर म्हणाले, "नाहीतर या." "मगे ता आधी सांगा," म्हणून हे उठले. एस.टी. स्टँडवरचा कंट्रोलर त्यांना येताना बघून टेबलाखाली काहीतरी शोधू लागे. कारण कुडाळची गाडी वेळेवर आली तर मिळेल असं बिचारा म्हणून जायचा, आणि पुढचा प्रश्न ठरलेला.

एकदा मी त्यांना विचारलं, ही सवय कुठली? त्यांनी हेडफोन काढला नाही, पण उत्तर दिलं. "जहाजार माजा काम ऐकूचा. आवाज इलो तर लिवन घेवचो. ह्या सगळ्यांनी शिकयला. आवाज नाय इलो तर काय करूचा, ता कोणीच सांगूक नाय. आणि बाय, आवाज नसताच जास्ती."

मी त्या वयाला शोभेल तसं "अच्छा" म्हणाले आणि कामाला लागले.

आता राखणदाराबद्दल सांगते. आमच्याकडे प्रत्येक गावाला एक राखणदार असतो. वेशीवर, एखाद्या झाडाखाली असतो आणि रात्रीअपरात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, असं मानतात. पात्रांव दर रविवारी चर्चला जाणारे, पण राखणदाराला वर्षाचा नारळ त्यांच्याही घरून जायचा. त्यांनी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता आणि त्याला हेच नाव दिलं होतं. त्याचं काम एकच, दुसऱ्यांचे प्रोग्राम वाचणं. तो ते चालवत नसे. ओळीमागून ओळ नुसता वाचत जाई, आणि पात्रांवांनी घालून दिलेला नियम जिथे मोडला असेल तिथे प्रिंटरवर तक्रार छापी. तक्रार शिल्लक असेतो प्रोग्राम चालवायचा नाही, हा कायदा.

"होडी पाण्यात घालूच्या आधी सुक्यार बघतत," ते सांगत. "भोक पाण्यात गेल्यार कोणाकय गावता."

नियम दारामागे टांगलेले होते. नावं पुरती लिहायची. 'एक्स' आणि 'वाय' चालायचे नाहीत. ("हो एक्स कोणाचो कोण?") ओळ लांबवायची नाही. कारण सांगितल्याशिवाय मागच्या ओळीवर उडी मारायची नाही. आणि सगळ्यांत वर, लाल शाईत: प्रत्येक इफला एल्स हवाच. इफ म्हणजे जर, एल्स म्हणजे नाहीतर. मशीनला 'जर असं असेल तर हे कर' एवढं सांगून भागायचं नाही. नसेल तर काय करायचं तेही लिहायचं. म्हणजे पात्रांवांनी आपला जप मशीनला शिकवून ठेवला होता.

प्रकाश वैतागायचा. तो आमच्यातला खरा हुशार. त्याची बोटं विचाराच्या पुढे धावायची. प्रोग्राम राखणदाराला देण्याआधी तो प्रिंटरसमोर हात जोडून, गावच्या मानकऱ्यासारखा आवाज लावून गाऱ्हाणं घालायचा, "बा राखणदारा, ह्या तुज्या लेकरान काल जेवक सोडून प्रोग्राम लिवलो हा, तेच्यात काय चूकभूल आसात तर पोटात घाल…" आणि मी मागून ओरडायचे, "होय महाराजा!" राखणदार पोटात काही घालत नसे. प्रिंटर सुरू व्हायचा.

तो राखणदार हुशार होता असंही नाही. कागदावर छापायच्या मजकुरात कुठे 'इफ' हा शब्द आला तरी तो 'एल्स कुठे?' म्हणून भुंकायचा. प्रकाशला तेवढंच निमित्त पुरे. "पात्रांव, तुमचो राखणदार मठ्ठ आसा."

"मठ्ठ आसा म्हणानच ठेवलंय," पात्रांव म्हणाले. "शाणो आसतो तर भिडेक पडलो आसतो. तुजी चूक तुज्या तोंडार मी सांगीन? तुजो बापूस माजो दोस्त. ही बाय सांगात? तिका तुज्या वांगडा रोज बसूचा आसा. हेका कोणाची भीड नाय."

आणि हे खरं होतं. आमच्या गावात माणसाची चूक त्याला सोडून सगळ्यांना सांगतात. पात्रांव स्वतःलाही सोडत नसत. एके दिवशी त्यांच्या मनात आलं, की राखणदार हाही शेवटी एक प्रोग्रामच. मग त्यांनी राखणदारालाच राखणदार वाचायला दिला. प्रिंटरमधून कागद येत राहिला, येत राहिला, जमिनीवर घडी पडली. प्रकाश पोट धरून हसत होता. पात्रांवांचा चेहरा मात्र मुलाला बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता. "बघ, माकाय सोडूक नाय," ते म्हणाले. ती सगळी भोकं बुजवेपर्यंत त्यांनी चहा घेतला नाही, आणि चहावाचून ते किती वाईट वागतात हे आम्हाला त्या दिवसांत कळलं.

नियमातून सूट होती, नाही असं नाही. तिला आम्ही माफी म्हणायचो. एखाद्या ओळीला नियम लावू नये असं वाटलं, तर त्या ओळीशेजारी कारण लिहायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. मग राखणदार ती ओळ सोडून देई. पण कारण आधी पात्रांवांना पटवावं लागे. माझ्या आठवणीत माफी कोणालाच मिळाली नाही.

बाबांच्या संस्थेने आमच्याकडे निकालाचं काम दिलं ते माझ्या भिडेखातर. संस्थेच्या मालवणातल्या हायस्कूलला वसतिगृह होतं. ज्यांच्या गावची शाळा सातवीला संपते, अशा मुलांना त्यात जागा मिळे. त्यासाठी जिल्ह्यातल्या शाळांमधून परीक्षा घेत. मराठी, गणित आणि एक कार्यानुभवाचा पेपर. जागा मिळाली तर पोरगं पुढे शिकणार. प्रोग्राम प्रकाशने लिहिला. गुणांचे आकडे टाइप करायला बाजारातल्या टायपिंग क्लासच्या मुली दोन दिवस येऊन गेल्या. त्यांनी पुढ्यात आले तसे आकडे बडवले.

निकाल न्यायचा त्या सकाळी बाबा स्वतः आले. दुपारी संस्थेचे अध्यक्ष येणार आणि त्यांच्या हस्ते निकाल फळ्यावर लागणार असं ठरलेलं. प्रकाशने मालवणातल्या दोन शाळांचे गुण घालून प्रोग्राम तपासला होता, आणि सगळं बिनचूक आलं होतं. (हो, आधी चालवून बघितला होता. पात्रांव चर्चला गेले असताना.) फक्त राखणदाराची एक तक्रार शिल्लक होती. कार्यानुभवात विषय दोन; गुणपत्रकात पुठ्ठाकामाचा आकडा एक, बागकामाचा दोन. दोघांचे गुण वेगळ्या हिशेबाने धरायचे. पुठ्ठाकाम असेल तर असं, बागकाम असेल तर तसं. त्या शेवटच्या इफला एल्स नव्हता.

"एल्समध्ये काय लिवू?" प्रकाश म्हणाला. "तिसरो विषयच नाय. माका माफी होयी."

"तिसरो नाय ह्या कोणी सांगल्यान?"

"मालवणात सगळ्यांक म्हायत आसा."

"परीक्षा मालवणाची काय जिल्ह्याची?"

बाबा घड्याळाकडे बघत होते. "हे पाहा," ते म्हणाले, "मी संस्थेच्या वतीने सांगतो, विषय दोनच आहेत. आपण पुढे चला."

"तुमी नाव घालतास?" पात्रांवांनी कीबोर्ड बाबांच्या पुढे सरकवला. "ओळीच्या बाजूक लिवा. तिसरो विषय नाय. खाली तुमचा नाव."

बाबांनी हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला. मग त्यांची मालवणी सुटली. "तुमी माणसांक छळतास कित्याक ओ? अध्यक्ष येतले, मी तेंका काय तोंड दाखवू? ह्या चेडवाक तुमच्याकडे धाडलंय, हीच माजी चूक." आणि मग माझ्याकडे न बघता, "उद्यापासून येवचा नाय हिना."

मला रडू आलं. पात्रांवांचा रागही आला. एक ओळ, एवढीशी, आणि तिच्यापायी माझी नोकरी जाते आहे, आणि हा माणूस खिशात वायर सोडून उभा आहे. मी म्हणालेसुद्धा, "पात्रांव, एकदाच सोडा."

"सोडलंय आसता," ते शांतपणे म्हणाले. "पण नायतर काय, ता माका म्हायत नाय. तुका म्हायत आसा? नाय मां? मगे तसाच लिवा. तिसरा काय गावला तर सांग आणि थांब."

प्रकाशने दातओठ खात एल्स लिहिला: मुलाचा नंबर दाखव, 'ह्या काय?' असं छाप आणि थांब. राखणदाराची तक्रार गेली. प्रोग्राम चालू झाला. निकाल छापला जाऊ लागला आणि बाबा कागद गोळा करायला वाकले. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर प्रिंटर थांबला. पडद्यावर एक नंबर, आणि शेजारी, 'ह्या काय?'

मी गुणपत्रकांच्या गठ्ठ्यातून त्या मुलाच्या शाळेचा कागद काढला. आरोंद्याकडे, खाडीच्या काठची एक लहान शाळा. कार्यानुभवाच्या रकान्यात सगळ्या मुलांपुढे तीन. खाली मास्तरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: तीन म्हणजे काथ्याकाम.

"काथ्याकाम?" बाबा म्हणाले. "ता काय शाळेत शिकवतत?"

आमच्या सगळ्यांच्या घरी नारळाची सोडणं कुजत घातलेली, मागीलदारी काथ्या बडवलेला, आजीपासून सगळ्यांच्या हाताला दोर वळायची सवय. म्हणून तर आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. घरी जे सगळेच करतात त्याला विषय कोण म्हणेल? त्या खाडीकाठच्या मास्तरांनी म्हटलं होतं.

बाबा म्हणाले, ठीक, आता तिसरा विषय घाला आणि आवरा. पण पात्रांवांनी प्रकाशला सांगितलं, "आधी तो एल्स काढ. राखणदार नसतो तर काय झाला आसता, ता ह्यांका दाखव." प्रकाशने काढला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. यावेळी तो कुठेच थांबला नाही. कागद सुरेख छापून आला. खाडीकाठच्या त्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला कार्यानुभवात शून्य होतं.

प्रकाशला लगेच कळलं, मला जरा वेळाने. मशीन आपली पाटी आपणहून पुसत नाही. काथ्याकामाचं काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून पाटीवर आधीच्या मुलाचे जे गुण राहिले होते तेच याला मिळाले, मग त्याच्या पुढच्याला, मग सगळ्यांना. आधीच्या शाळेतला शेवटचा मुलगा त्या पेपरला गैरहजर होता. ते शून्य त्याचं होतं.

बाबा स्टुलावर बसले. कागदावरच्या शून्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "ही सगळी पोरां नापास," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, "आणि कोणाक काय वाटला नसता. आमी म्हटला आसता, खाडीकडची पोरां, तेंका खंय जमता."

पात्रांवांनी त्यांच्यासाठी खालून चहा आणि पाव मागवला. जिंकल्याचा एक शब्द बोलले नाहीत. निकाल दुसऱ्या दिवशी लागला. अध्यक्षांनी बाबांना सगळ्यांदेखत झापलं, आणि बाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. वसतिगृहात त्या वर्षी खाडीकाठची पोरं आली, आणि पहिल्याच पंधरवड्यात त्यांनी मागच्या अंगणात दोर वळून झोपाळा बांधला. माझं कामावर जाणं बंद करायचं बाबा विसरले, की त्यांनी विसरल्याचं दाखवलं, मी विचारलं नाही.

पात्रांव जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी पुढे पुण्यात याच धंद्यात जन्म काढला. आता असे राखणदार पैशाला पासरी मिळतात. तुम्ही ओळ लिहिता लिहिताच खाली लाल रेघ ओढतात. आमच्याकडची तरुण मुलं एक कळ दाबून त्यांचं तोंड बंद करतात, आणि मी मागे जाऊन उभी राहिले की त्यांना कळतं आता काय विचारणार ते. ऑफिसात मला काय म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि माझी त्याला हरकत नाही.

पण सांगायचं राहिलं ते दुसरंच. निकालानंतर वर्षभराने, पावसाच्या तोंडावर नांदगावचं स्थळ आलं. मुलगा खरंच चांगला होता, नाव ठेवायला जागा नव्हती. दुपारची वेळ, पडवीत मंडळी बसलेली, पोहे झालेले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. मुलाचे काका पुढे सरकले आणि म्हणाले, "आमका चेडू पसंत आसा. आमचा एकच म्हणणा. हिना ती कॉम्प्युटरची नोकरी सोडली, तर आमची कायएक हरकत नाय."

बाबांनी कप उचलला होता. तो त्यांनी बशीत परत ठेवला.

"नायतर?" बाबा म्हणाले.

"काय नायतर?"

"सोडली तर तुमची हरकत नाय. ता कळला. तिना सोडूक नाय तर काय, ता सांगा."

काकांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने चपलांकडे. विचार करून कळवतो म्हणून मंडळी उठली, आणि कळवायची राहिली ती राहिलीच. बाबा पडवीत तसेच बसून होते. मी कप गोळा करायला वाकले तेव्हा म्हणाले, "उद्या कामार जाताना माजी छत्री ने. पाऊस येतलो." माझे डोळे भरून आले होते, आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पात्रांवांना सगळं सांगितलं. कागद हातात असताना हेडफोन कधी न काढणाऱ्या त्या माणसाने तो काढून टेबलावर ठेवला.

"कोणी विचारल्यान? बापाशीन?"

"होय."

"माज्यापेक्षा बरो विचारल्यान," ते म्हणाले. "माका नुसती सवय आसा गो. तेका उत्तर होया होता."

मग त्यांनी हेडफोन परत कानांवर चढवला, वायर खिशात सोडली आणि एक कागद माझ्याकडे सरकवला. राखणदाराने माझ्या आदल्या दिवशीच्या प्रोग्रामला दोन ठिकाणी अडवलं होतं. मी बाबांची छत्री दाराला अडकवली, खुर्ची ओढली आणि वाचायला बसले.